अंगावर येणारा कोंबडा, माजलेला नर बदक: परसात पाखरं पाळणाऱ्यांसाठी

बचतगटातून किंवा योजनेतून पिल्लं मिळतात. लस कधी द्यायची, खाद्य किती टाकायचं हेही कोणीतरी सांगतं. पण पाच-सहा महिन्यांनी त्यातलेच नर मोठे होऊन अंगावर धावून यायला लागले की काय करायचं, ते कोणी सांगत नाही. मग घरची बाई खराटा हातात घेतल्याशिवाय अंगणात उतरत नाही, लहान पोरं परसात जायला भितात, आणि शेवटी सगळ्याच कोंबड्या विकून टाकू अशी गोष्ट निघते. चार पैसे देणारा जोडधंदा एका नरापायी बंद पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची. आमच्याकडे धानाच्या बांध्या, बोड्या (म्हणजे लहान तळी), तलाव, त्यामुळे कोंबड्यांसोबत चार-दोन बदकंही घरोघरी दिसतात. म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहिते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. नराला काठीनं सरळ करता येत नाही. तो अंगावर येतो त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: मादींच्या मानानं नर जास्त, जागा कमी, किंवा घरातल्या माणसांनी त्याच्याशी केलेलं वागणं. ही तिन्ही आपल्या हातात आहेत. ती तपासूनही जो सुधारत नाही, तो नर ठेवायचा नाही.

१. आजच्या आज लहान पोरांना वाचवा

बाकीचं सगळं उद्या करा, हे आज करा. कोंबडा उडी मारतो तेव्हा दोन्ही पाय पुढे करून मारतो. मोठ्या माणसाला ते पोटरीला किंवा मांडीला लागतं. तीन वर्षांच्या पोराला तेच तोंडावर लागतं, आणि डोळ्याला लागलं तर आयुष्याचं नुकसान होतं. म्हणून घरात लहान मूल असेल तर अंगावर येणारा कोंबडा मोकळा ठेवायचा नाही, ‘थोडा वेळ’ सुद्धा नाही. डाल्याखाली झाका, वर दगड ठेवा, आत पाण्याचं भांडं ठेवा, डालं सावलीत असू द्या. दोन-चार दिवसांत जाळीचा वेगळा कप्पा करा.

म्हाताऱ्या माणसांचाही विचार करा. आजीला कोंबडा टोचल्यानं जेवढं लागत नाही, तेवढं ती मागे सरकताना ओट्यावरून पडली तर लागतं.

मोठ्या पोट्ट्यांना बसवून एक गोष्ट समजावून सांगा. ताटव्याच्या (काड्यांच्या कुडाच्या) आडून कोंबड्याला काडी टोचणं, खडे मारणं, त्याच्यासारखं आरवून चिडवणं, हे सगळं बंद. चिडवणारा पळून जातो, आणि राग निघतो मागून येणाऱ्या लहान बहिणीवर. गावात जे कोंबडे फार माजलेले दिसतात, त्यांच्या घरी चौकशी केली तर बरेचदा हेच निघतं.

२. तो राखण करतो आहे की तुम्हाला बैरी समजतो आहे, ते ओळखा

कोंबडा सूचना न देता अंगावर येत नाही. आपण पाहत नाही, एवढंच. आधी तो आडवा चालायला लागतो. एक पंख खाली सोडून जमिनीला घासत तुमच्या बाजूनं अर्धा वळसा घेतो. मानेची पिसं फुलतात, डोकं खाली जातं. मातीत चोची मारतो, पण उचलत काहीच नाही, नजर तुमच्या पायावर असते. आणि तुम्ही पाठ फिरवली की मागून धावत येतो. एवढं दिसलं की पुढची उडी ठरलेली.

आता यात फरक करायला शिका. कोंबडी हातात धरली, ती ओरडली आणि कोंबडा धावून आला, तर तो त्याचं काम करतो आहे. तसा कोंबडा वाईट नाही. असा नर किडा-अळी सापडली की स्वतः न खाता टुकटुक आवाज करून कोंबड्यांना बोलावतो, वर शिक्रा किंवा घार दिसली की सगळ्यांना झाडाखाली पिटाळतो. त्याच्यासाठी उपाय सोपा आहे: कोंबड्या पकडायच्या त्या रात्री, त्याच्यासमोर नाही.

पण तुम्ही नुसत्या बादली घेऊन जाता आणि तो रस्ता अडवतो, किंवा घराच्या दुसऱ्या टोकाहून खास तुमच्यासाठी धावत येतो, तेव्हा त्यानं तुम्हाला दुसरा कोंबडा ठरवलं आहे. पुढची सगळी मेहनत या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

हे साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरू होतं, कारण तेव्हा तो वयात येतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो तसा नरांचा जोर वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात शांत असलेला कोंबडा होळीच्या सुमारास वेगळाच वागायला लागला तर नवल नाही. जातीचाही थोडा भाग असतो. असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्याशी जीव जाईस्तोवर लढतो, पण माणसाशी बरेचदा अगदी शांत वागतो. त्यामुळे ‘असील आहे म्हणजे पोरांना मारेल’ हा समज धरू नका, आणि ‘गिरिराज आहे, गरीबच असेल’ असं समजून निर्धास्तही राहू नका.

३. नर मोजा

संध्याकाळी पाखरं खुराड्यात जाताना दारात उभ्या राहून मोजा. नर किती, मादी किती, वेगवेगळं.

कोंबड्यांमध्ये आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बदकांमध्ये चार ते सहा माद्यांमागे एक. याहून नर जास्त असतील तर भांडण होणारच, त्यात कोणाचा स्वभाव काढायचं कारण नाही. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली तर निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. म्हणजे प्रत्येक वेणीला जास्तीचे नर तयार होणार हे धरूनच चालायचं. दोन-अडीच महिन्यांत तुरा लाल आणि मोठा दिसायला लागतो, मानेची आणि पाठीमागची पिसं टोकदार निघतात. तेव्हाच ठरवा कोणता ठेवायचा. बाकीचे वेगळे वाढवून विकायचे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, “बिना कोंबड्याची कोंबडी अंडे देते का व माय?” देते. अंडं देण्यासाठी नर लागत नाही, ना कोंबडीला ना बदकीला. नर लागतो तो पिल्लं काढायची असतील तरच. तुम्हाला फक्त खायला आणि विकायला अंडी हवी असतील तर एकही नर न ठेवता काम चालतं, आणि हा लेख इथेच संपतो.

पिल्लं काढायची असली तरीही नर बाराही महिने माद्यांत सोडायची गरज नाही. एकदा जोड लागली की कोंबडीची अंडी पुढे दहा-बारा दिवस तरी फळतात, बदकीची आठवडाभर. म्हणजे अंडी जमा करायच्या आठवडाभर आधी नर सोडायचा, काम झालं की परत वेगळा ठेवायचा. माणसावर न जाणारा, पण पाखरांत तापट आणि अंगापिंडानं चांगला नर असेल तर ही पद्धत फार सोयीची.

४. सामान जमवून ठेवा

फार खर्चाचं काही नाही, पण ऐनवेळी शोधत बसू नका:

- मोठं डालं, आणि जाळीचा किंवा बांबूचा एक वेगळा कप्पा
- जुनी जाड चादर किंवा टॉवेल, पाखरू गुंडाळायला
- सूप, टोपलं किंवा पत्र्याचं झाकण. हे ढालीसारखं धरायला, मारायला नाही
- गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. धानाच्या चिखलातले चालतात
- बारीक कानस, मोठं नेलकटर
- हळद, मीठ, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, स्वच्छ सुती कापड
- घरातल्या सगळ्यांच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद असलेले कागद, मुलांची लसीकरणाची कार्डं

शेवटची ओळ वाचून सोडून देऊ नका. कागद कुठे आहेत ते आजच पाहा.

५. कोंबड्यासमोर कसं वागायचं

ही पायरी वेळ खाते, पण खरा फरक इथेच पडतो.

कोंबडा अंगावर आला की आपण तीनपैकी एक करतो: पळतो, मागे सरकतो किंवा लाथ मारतो. पळालात किंवा मागे सरलात की तो समजतो, जिंकलो. लाथ मारली की तो समजतो, लढाई सुरू झाली. आणि कोंबडा लढाईतून लवकर माघार घेत नाही. तुम्ही आज मारलं, तो उद्या मागून येईल. काठीनं मारून गप्प केलेला कोंबडा काठी नसलेल्या माणसावर जातो, आणि घरात बिनकाठीचं माणूस म्हणजे लहान पोर. म्हणून मारायचं नाही. मी हे दयेपोटी सांगत नाही असं नाही, मुकं जनावर आहे ते, पण मारण्यानं काम होत नाही हेही तेवढंच खरं आहे.

मग करायचं काय? बूट घाला, हातात सूप किंवा झाकण घ्या आणि नेहमीच्या कामाला जा. तो आडवा आला की थांबा. त्याच्याकडे तोंड करून सरळ उभ्या राहा. ओरडू नका, हात हलवू नका. तो उडाला तर झाकण पुढे धरा, उडी झाकणावर झेला. तुमचे पाय मागे जाता कामा नयेत. मग त्याच्या दिशेनं एक पाऊल, सावकाश. आणखी एक. त्याला वळसा घालून जाऊ नका, त्यालाच बाजूला व्हायला लावा. तो नजर काढून दुसरीकडे चरायला लागला, पिसं खाली बसली, की मग तुमच्या कामाला लागा. पहिल्या काही दिवसांत याला दहा मिनिटं लागतील. घाईच्या वेळी हे करायला जाऊ नका. डबा भरायच्या वेळी, पोरं शाळेत जायच्या वेळी त्याला सरळ झाकून ठेवा.

तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर चादर टाकून पकडा. दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत घ्या, पाय दुसऱ्या हातात धरा, त्याचं डोकं तुमच्या तोंडापासून लांब ठेवा. आणि तसंच धरून फिरा, अंगणात, कोठ्यात, त्याच्या कोंबड्यांसमोरून. आधी तो अंग ताठ धरतो, मान वळवून चोच मारायला पाहतो. थोड्या वेळानं छातीवरचा ताण सुटतो, श्वास सावकाश होतो, पापणी खालून वर येऊन अर्धी मिटते. हाताला ते नीट कळतं. तसा सैल पडला की खाली ठेवा, पण झटकून टाकू नका. ठेवल्यावर तो परत वळून आला तर परत उचला.

यात घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकसारखं वागायला हवं. तुम्ही संयमानं घेता आणि सासरेबुवा खराट्यानं हाणतात, असं चाललं तर कोंबडा काहीच शिकत नाही. कोंबडा माणसं ओळखतो. एकाला मान देतो, दुसऱ्यावर जातो. त्यामुळे ‘मला तर काही करत नाही’ असं कोणी म्हटलं तर ते खरंही असेल, पण त्याचा उपयोग नाही. ज्याच्यावर तो जातो त्याच माणसानं मोठ्याची सोबत घेऊन हे करायचं. लहान पोरांकडून मात्र अजिबात करवून घेऊ नका.

दोन-तीन आठवडे रोज हे केलं तर बहुतेक कोंबडे अंतर ठेवायला लागतात. एवढ्यात काहीच फरक नसेल, किंवा फरक पडून पुन्हा तेच सुरू झालं असेल, तर सरळ पायरी दहावर या.

६. पकडणं आणि पायाचा काटा

दिवसा अंगणभर पळवून कोंबडा पकडू नका. अंधारात कोंबड्यांना फार कमी दिसतं आणि त्या दांडीवर शांत बसून असतात, तेव्हा मंद उजेडात दोन हातांनी अलगद उचलता येतो. पाय धरून उलटा लटकवू नका, बाजारात सगळे धरतात तरी. पाखराच्या पोटात आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. उलटं धरलं की आतड्याचा सगळा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो आणि त्याचा जीव गुदमरतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी पकडापकडी करायची नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. चिडलेला, पळवलेला, वरून चादरीत गुंडाळलेला कोंबडा हातातच मरतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्रीच.

पायाच्या मागचा काटा वयाप्रमाणे लांब आणि टोकदार होत जातो. खरी जखम त्यानंच होते. तो पूर्ण काढायचा नसतो. वरून नखासारखा दिसला तरी आत जिवंत हाड असतं, रक्तही असतं. एकानं कोंबडा चादरीत धरायचा, दुसऱ्यानं फक्त टोक नेलकटरनं थोडंसं घ्यायचं आणि कानशीनं गोल करायचं. रक्त आलंच तर हळद दाबून धरा. उकडलेला गरम बटाटा लावून काटा पिळून काढायची पद्धत कोणी सांगितली तर करू नका. आतला भाग उघडा पडतो, खूप दुखतं, पाय चिघळतो.

७. नर बदकाचं प्रकरण वेगळं आहे

बदक माणसाला फारसं इजा करत नाही. घोट्याला किंवा बोटाला धरून पिळतं, काळं-निळं होतं. मस्कोव्ही जातीचा मोठा नर असेल तर नखं आणि पंखाचा मार लागतो, तेवढं सांभाळा. नर बदकाचा खरा त्रास माद्यांना होतो, आणि आपलं लक्ष उशिरा जातं, कारण तो सगळा प्रकार पाण्यात चालतो.

आधी नर ओळखा. खाकी कॅम्पबेल, पेकिन, रनर या जातींत मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर कुरळी वळलेली असतात. पण पिसं झडायच्या काळात ही कुरळी पिसंही गळतात, म्हणून आवाजावर जा. मोठ्यानं ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा, घोगरा, हळू. दीड-दोन महिन्यांपासून हा फरक कळायला लागतो. मस्कोव्हीत कुरळं पीस नसतंच. त्यांचा नर आकारानं दुपटीच्या आसपास, तोंडावर लाल गाठी, आणि आवाज नुसता फुत्कारल्यासारखा.

जोड लावताना नर मादीची मान मागून चोचीत धरतो. नर जास्त झाले की दोघं-तिघं मिळून एकाच मादीमागे लागतात. मादी उचलून तिची मान मागून पाहा. डोक्यामागची पिसं उपटलेली, तिथे बारीक खुंट आणि लालसर कातडी दिसेल. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस किंवा सूज असते. काही माद्या लंगडतात, काही पाण्यात उतरायलाच तयार होत नाहीत. पाण्याला घाबरणारी बदकी दिसली की लगेच नर मोजा. खोल पाण्यात नर वर बसला आणि दुसराही चढला तर मादीचं डोकं पाण्याखाली राहून ती बुडून मरते. बोडीवर मेलेली बदकी सापडली की लोक सापाचं, मुंगसाचं नाव घेतात. त्याआधी नर किती आहेत ते पाहा.

उपाय क्रमानं असे. जास्तीचे नर त्याच दिवशी वेगळे करा. जखमी मादीला एका शांत मैत्रिणीसोबत स्वतंत्र ठेवा, एकटी ठेवू नका, बदकं एकटी पडली की खाणं सोडतात. वीण चालू असण्याच्या दिवसांत पक्ष्यांना खोल पाण्यात देखरेखीशिवाय सोडू नका. घरी उथळ टाकं करून द्या, मादीचे पाय तळाला टेकतील एवढंच पाणी. वेगळे काढलेले सगळे नर एकाच कप्प्यात एकत्र राहू शकतात. मादी नजरेला पडत नसेल तर ते आपसात फारसं भांडत नाहीत. मध्ये तुराटीचा दाट ताटवा उभा केला तरी पुरतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: नर बदक कोंबड्यांमध्ये ठेवू नका. नर बदकाला बाहेर येणारं लिंग असतं, कोंबड्याला नसतं. कोंबडीचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही. नर बदक कोंबडीवर चढला तर तिला आतून जखमा होतात, आणि ती त्यात मरू शकते. दोन्ही पाळत असाल तर रात्रीचं खुराडं वेगळं ठेवा.

यात आपल्याच एका पद्धतीचा हात आहे. बदकीची अंडी आपण खुडूक कोंबडीखाली ठेवतो, कारण खाकी कॅम्पबेलसारख्या जाती स्वतः नीट बसत नाहीत. अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं निघतात आणि कोंबडीलाच आई समजून वाढतात. असा नर मोठा झाला की बदकी सोडून कोंबड्यांच्या मागे लागण्याची शक्यता वाढते. कोंबडीखाली अंडी ठेवायला हरकत नाही. पण पिल्लांना अंगावर पिसं आली, ऊब लागेनाशी झाली की त्यांना बदकांच्या घोळक्यात घाला.

घरात एकटंच हातावर वाढवलेलं बदकाचं पिल्लू असाच प्रकार करतं, फक्त ते माणसाच्या पायामागे लागतं. एकटं पिल्लू वाढवू नका, जोडीला आणखी दोन-तीन घ्या.

८. जागा

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक कोंबडीला किमान दोन चौरस फूट, दिवसा फिरायला दहा चौरस फूट तरी. दाणा एका ठिकाणी टाकू नका, तीन-चार ठिकाणी टाका. पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात सावली एकच आणि पाण्याचं भांडं एकच असलं की सगळी पाखरं तिथे दाटतात आणि दुबळ्याला हाकलतात. मारकुट्याच्या नजरेआड होता यावं म्हणून अंगणात आडोसे करा: उभे ताटवे, पऱ्हाटीची रास, उलटं ठेवलेलं फुटकं टोपलं. एवढ्यानंही मार खाणाऱ्या कोंबड्या सुटतात.

९. जखम झाली तर

माणसाला: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा. चुना, तंबाखू, राख भरू नका. काटा खोल जातो आणि त्यावर खुराड्यातली घाण असते, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालं ते पाहा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डोळ्याजवळ लागलं असेल तर घरी काही घालू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. कोंबडी-बदकापासून रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांपासून होतो, तेवढी भीती मनातून काढा.

पाखराला: कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि त्याला वेगळं ठेवा. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात, बरी होऊ देत नाहीत. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा पिसं बाजूला करून पाहा. पाठ सोललेल्या कोंबडीला जुन्या जीन्सच्या कापडाचं पाठझाकण शिवून देता येतं: तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा, दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या पंखांच्या बुडातून. खोल जखम, तुटलेला पंख, किंवा नर बदकाचं लिंग बाहेर येऊन आत जात नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ वर फोन लागतो.

१०. नर काढायचा ठरला तर

हा निर्णय घ्यायला लाजू नका. लहान मूल असलेल्या घरात तर दोन-तीन आठवड्यांची वाट पाहण्याचीही सक्ती नाही.

गावरान कोंबड्याला आखाडात, म्हणजे श्रावण लागायच्या आधी, आणि पोळ्याच्या पाडव्याला चांगली मागणी असते. नवसासाठीही लोक शोधत येतात. आठवडी बाजारात वजन करूनच द्या, नुसत्या अंदाजावर देऊ नका. कोणी पाळायला मागत असेल तर तो अंगावर येतो हे स्पष्ट सांगा, आणि त्यांच्या घरी लहान पोरं आहेत का ते विचारा. न सांगता दिलेला कोंबडा दुसऱ्याच्या पोराचा डोळा घेईल. घरी कापणार असाल तर वर्षाच्या वरचा कोंबडा कडक असतो, मंद आचेवर जास्त वेळ शिजवा.

एका फसवणुकीपासून सावध राहा. मारकुटा कोंबडा आहे हे कळलं की दुप्पट-तिप्पट भाव देणारा माणूस दारात येतो. तो कोंबडबाजारासाठी नेतो. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजवतात, दोघांतला एक तिथेच मरतो, कधी दोन्ही. प्राण्यांना झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानं गुन्हा आहे, त्यावर पैसे लावणं जुगाराच्या कायद्यात येतं. धाडी पडतात, कोंबडा कुठून आला ही विचारणा तुमच्यापर्यंत येऊ शकते. पण पोलिसांचं नाव नसतं तरी मी हेच सांगितलं असतं: आपल्या अंगणात वाढलेलं पाखरू तसं मरायला देऊ नका. कापून खा, पण झुंजीला देऊ नका.

११. पुढच्या वेणीसाठी नर निवडताना

स्वभाव काही अंशी बापाकडून उतरतो. त्यामुळे माणसावर जाणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. त्याला काढल्यावर दोन ते तीन आठवडे जमा झालेली अंडी खायला किंवा विकायला वापरा, त्यानंतरची बसवा, कारण कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज तेवढे दिवस टिकतं.

तरुण नर एकापेक्षा जास्त असतील तर दाणा टाकून बाजूला बसा आणि पाहा. कोंबड्यांना बोलावून खाऊ देणारा, जोड लावण्याआधी नाचणारा, मादी पळाली तर मागे न लागणारा, आणि तुम्ही जवळून गेलात की आपणहून दोन पावलं सरकणारा, तो ठेवा. अगदी मांडीवर येऊन बसणारं नर पिल्लू सगळ्यांना आवडतं, पण माणसाची भीती अजिबात नसलेले नरच पुढे जास्त अंगावर येतात. नर पिल्लांना हातावर खायला घालू नका, ती आईसोबत आणि इतर मोठ्या पाखरांत वाढू द्या. जुना कोंबडा आणि मोठ्या कोंबड्याच त्यांना रीत शिकवतात. नवा नर बाहेरून आणत असाल तर दोन-तीन आठवडे लांब वेगळा ठेवा, राणीखेतची लस झाली आहे का ते विचारून घ्या, आणि मग रात्री दांडीवर नेऊन बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडताना तिथे हजर राहा.